रोल फसला, आता पुढे काय? नव्या जीएमसाठी कामाच्या गोष्टी

"दार उघडायचा प्रयत्न करतो." "रोल कर." "सहा." "नाही उघडलं." "परत करू?" "कर." "चार." "नाही उघडलं." मग दुसरा म्हणतो मी बघतो, तिसरी म्हणते माझी ताकद जास्त आहे सरका, आणि दहा मिनिटांनी एकदाचं दार उघडतं तेव्हा निम्मं टेबल मोबाईलमध्ये असतं. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये नवीन कोणी जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा गेम मास्टर, झाला की हे हमखास होतं. दोष फाशाचा नसतो आणि नशिबाचाही नसतो. रोल मागितला तेव्हाच गडबड झालेली असते, कारण तो फसला तर काय होणार हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

ज्यांनी नुकतीच पुस्तकं घेतलीयेत, कोथरूड नाहीतर विमाननगरच्या एखाद्या हॉलमध्ये चार मित्र गोळा केलेत आणि रविवारी दुपारी पहिल्यांदा जीएम म्हणून, टिपणं लपवायच्या पडद्यामागे बसणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नियम बहुतेक डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या पाचव्या आवृत्तीचे धरलेत कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात, पण अधूनमधून दुसऱ्या गेम्समधल्या युक्त्या पण घेतल्यात, त्या बिनधास्त उचला. हा छंद १९७४ पासून चालू आहे आणि फसलेल्या रोलचं काय करायचं यावर तेव्हापासून लोकांनी डोकं लावलंय, आपण सगळं शून्यापासून शोधत बसायची गरज नाही.

उदाहरणासाठी पेशवाईतलं पुणं घेऊ, टॅव्हर्न आणि ड्रॅगनपेक्षा आपल्या लोकांना ते पटकन डोळ्यासमोर येतं. चौघं आहेत: कुलपं उघडणारी सगुणा, येसाजी पहिलवान, एक वैद्यबुवा आणि एक बहुरूपी. एका सावकाराच्या वाड्यातून गहाणखत पळवायचंय. रात्रीची तोफ झालीये, आता रस्त्यावर सापडलं की कोतवालाची माणसं धरून नेणार. म्हणून वाट जमिनीखालून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा जो नळ बांधला त्याच्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, आहेत, त्यातल्या एकातून आत उतरायचं, वाकून पुढे जायचं आणि वाड्याच्या हौदापाशी वर यायचं. माणूस त्यातून आरामात जातो एवढं गेमपुरतं धरून चला.

पहिली पायरी: रोल हवाय का ते बघा

प्लेअर काही म्हणाला की हात लगेच फाशाकडे जाऊ देऊ नका. मनात विचारा, याला नक्की काय मिळवायचंय, कसं करतोय, आणि जमलं नाही तर काय बिघडेल. तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर रोल नकोच, सरळ "झालं" म्हणा आणि पुढे चला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला रोल कशाला? आजी-आजोबा रोज सकाळी चढतात. तेच मागे कोतवालाची माणसं लागलीयेत, खांद्यावर जखमी वैद्यबुवा आहेत आणि पाऊस पडतोय, तर मागा रोल, कारण आता फसण्याला अर्थ आहे.

उलटंही बघायचं. जे होणं शक्यच नाही त्यालाही रोल नको. बहुरूपी म्हणाला "मी सावकाराला पटवतो की त्याने वाडा माझ्या नावावर करावा", तर "वीस पडले तर बघू" असं म्हणू नका, कारण वीस बाजूंच्या फाशावर वीसपैकी एकदा वीस पडणारच, आणि मग तुम्हीच अडकाल. सरळ सांगा की हा माणूस वाडा देणार नाही, पण तुझ्या बोलण्यात गुंतून पाच मिनिटं दारात उभा राहू शकतो, त्यासाठी करतोस का रोल?

आणि वेळ भरपूर असेल, कोणी येणार नसेल, तर कुलूप उघडतंच. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डीएम गाईडमध्येच (डी अँड डीत जीएमला डीएम म्हणतात) आहे की धोका नसेल आणि प्लेअर नेहमीच्या दहापट वेळ द्यायला तयार असेल तर काम झालं असं समजा. हे वाचूनही लोक विसरतात.

पडद्याला बाहेरच्या बाजूने एक पाटी चिकटवा, आपल्याकडे पाट्यांना तोटा नाही. "जीएमने सांगितल्याशिवाय फासे टाकू नयेत. टाकल्यास धरले जाणार नाहीत." हसतील, पण पाळतील. नाहीतर वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच "मी अठरा मारले!" असं ओरडणारा एक तरी प्रत्येक टेबलावर असतोच.

दुसरी पायरी: फसलं तर काय, ते आधीच तोंडाने सांगा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. टेबलावर हे कसं वाजतं ते बघा (डीसी म्हणजे रोलने गाठायचा आकडा, ॲडव्हांटेज म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा):

"सगुणा कोयंडा उचकटते."

"तुला दार उघडायचंय, की आवाज न करता उघडायचंय?"

"आवाज न करता, अर्थात."

"ठीक. तू या कामात पटाईत आहेस, दार उघडणारच. रोल आवाजासाठी. डीसी १५. फसला तर ओसरीवरचा पहारेकरी उठेल, पण तोवर तुम्ही आत असाल. चालेल?"

"थांब थांब. वैद्यबुवा, तुमच्याकडे तेल आहे ना? आधी बिजागरीला लावते."

"लाव. ॲडव्हांटेजने टाक."

इथे काय झालं बघा. दार उघडणार की नाही हा कंटाळवाणा प्रश्न गेलाच, आणि धोका समोर मांडल्याबरोबर प्लेअरने स्वतः डोकं लावलं. धोका माहीत नसता तर तेल कोणाला आठवलं असतं? लोकांना वाटतं आधी सांगितलं की सस्पेन्स जातो, तसं अजिबात होत नाही, उलट फासा घरंगळत असताना सगळे त्याच्याकडे बघतात कारण काय पणाला लागलंय ते सगळ्यांना माहितीये. आणि रोल फसला तरी कोणी "हे काय, तू मुद्दाम केलंस" म्हणत नाही, सौदा आधीच ठरलेला होता.

पुढे काय होणार याचा तपशील द्यायची गरज नाही बरं का. पहारेकरी उठून काय करेल, एकटा येईल की बोंब मारेल, ते तुमच्याकडे ठेवा. कॅरेक्टरला जेवढा अंदाज आला असता तेवढं सांगायचं. आणि ऐकून प्लेअर म्हणाला "नको, मग मी नाही करत", तर मागे फिरू द्या, तो निर्णयही खेळच आहे.

थोडं गणित, कंटाळा करू नका

पहिल्या लेव्हलच्या, आपल्या कामात चांगल्या असलेल्या कॅरेक्टरला फाशाच्या आकड्यात साधारण +५ मिळतो. डीसी १५ ला म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. पुस्तकात १५ ला मध्यम म्हटलंय, पण तज्ज्ञ माणसाचंही काम जवळपास निम्म्या वेळा बोंबलतं. आता गहाणखतापर्यंत पोचायला तुम्ही तीन रोल लागोपाठ ठेवले आणि तिन्ही जमायलाच हवेत म्हणालात, तर तिन्ही जमायची शक्यता १६-१७ टक्के, म्हणजे सहातून पाच वेळा प्लॅन आपटणार. तेल लावून ॲडव्हांटेज मिळालं तर एका रोलचे ५५ चे जवळपास ८० होतात, म्हणून प्लेअरने काही शहाणपणाचं केलं तर ॲडव्हांटेज द्यायला हात आखडू नका.

ग्रुपचं गणित अजून फसवं आहे. नळातून चौघं चोरपावलांनी चाललेत आणि प्रत्येकाचा रोल जमायलाच हवा म्हणालात, तर प्रत्येकी ५५ टक्के धरूनही चौघांचं जमायची शक्यता ९ टक्के. येसाजीसारखा धिप्पाड गडी असेल तर त्याहून कमी. त्यापेक्षा ग्रुप चेक वापरा, निम्मे जमले की सगळे सुटले, तेच ९ चे ७६ टक्के होतात. आणि उलट बाजूने, एकाचा रोल फसला की बाकी तिघं "मी पण, मी पण" करतात ते थांबवा. काही येत नसलेल्या चौघांनी डीसी १५ ला एकेक फासा टाकला तरी कोणा एकाचं जमायची शक्यता ७६ टक्के आहे, मग ज्याने त्या स्किलवर पॉइंट घातले त्याने काय पाप केलं? मदत करायची असेल तर आधी सांगा, एकालाच ॲडव्हांटेज मिळेल, रोल एकच.

ज्या माहितीशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही ती रोलमागे दडवूच नका. गहाणखत कुठल्या खोलीत आहे हे कळायलाच हवं असेल तर ते देऊन टाका. गमशू नावाची सिस्टीम याच विचारावर उभी आहे, तिथे योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतो तेव्हा महत्त्वाचा धागा मिळतोच, रोल लागत नाही. रोल ठेवायचाच तर वरच्या मलईसाठी ठेवा: खोली कळलीच, पण तिथे रात्री कोण झोपतं हेही कळलं का.

तिसरी पायरी: फासा फसला, आता बोला

"काही झालं नाही" हे उत्तर कायमचं बाद. फसलेल्या रोलनंतर परिस्थिती बदललेली हवी आणि प्लेअरसमोर नवीन काहीतरी निवडायला हवं. बरेच जण याला फेल फॉरवर्ड म्हणतात. काहींना वाटतं म्हणजे फसलं तरी पास केल्यासारखंच. तसं नाही. गोष्ट पुढे जाते, पण बरं होऊनच जाते असं कुठे आहे?

सगुणाचाच रोल घ्या. समजा ११ आले, डीसी १५. दार उघडलं, कोयंडा फरशीवर पडला, पहारेकरी उठला, हे तर ठरलेलंच. पण आधी काही ठरलं नसतं तर? दार उघडलं, पण तिची आकडी आत तुटून राहिली, म्हणजे हे दार आता कोणाला लावता येणार नाही आणि सकाळी कोणी आलं होतं हे कळणार. किंवा उघडलं, पण एवढा वेळ गेला की नळात पाणी चढलं आणि परतीची वाट बंद. किंवा उघडलंच नाही, पण फटीतून दिसलं की आत दिवा आहे आणि सावकार जागाच आहे, हिशोब करत बसलाय. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो, कारण प्लेअरला नको असलेली पण खरी माहिती मिळते आणि पुढचा निर्णय त्याचा. फक्त हे असं दरवेळी गोड करत बसू नका, कधीकधी साधं सरळ नुकसान पण होऊ द्या, हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजायचा आकडा) जाऊ द्या, सामान हरवू द्या.

थोडक्यात हुकला तर काय? २०१४ च्याच गाईडमध्ये ऐच्छिक नियम आहे की एक किंवा दोनने हुकलं तर किंमत लावून यश देऊ शकता. इतर गेम्सनी तर त्याच्या आधीच या कल्पनेवर पूर्ण सिस्टीम बांधल्या होत्या. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये दोन साधे सहा बाजूंचे फासे टाकतात: १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे झालं पण काहीतरी मोजावं लागेल, ६ किंवा कमी म्हणजे जीएमची पाळी. +१ असलेल्या माणसाला हे साधारण २८, ४४ आणि २८ टक्के पडतं, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा उत्तर "हो, पण" असंच येतं. डी अँड डी चालवतानाही कान तसे लावून ठेवा. किंमत मात्र प्लेअरला निवडू द्या, जमेल तेव्हा. "दार उघडतं, पण एकतर आवाज होईल किंवा तुझी आकडी तुटेल, बोल." मी पैज लावतो, इथे टेबलावर दोन मिनिटं वाद होईल आणि तीच दोन मिनिटं लोक नंतर आठवतील.

ब्लेड्स इन द डार्क या गेममधलं घड्याळ पण चोरण्यासारखं आहे. कागदावर गोल काढा, चार भाग करा, बाजूला लिहा "वाडा जागा होतोय". रोल फसला की एक भाग काळा. चारही भरले की मशाली पेटल्या. फायदा काय, तर एका फसलेल्या रोलने अख्खा प्लॅन पाण्यात जात नाही आणि तरी प्रत्येक फसलेला रोल दिसतो, टोचतो. कागद टेबलाच्या मधोमध ठेवा, पडद्यामागे नको. दोन भाग भरले की प्लेअर आपोआप कुजबुजत बोलायला लागतात.

परत रोल करू का, हा प्रश्न येणारच. माझं उत्तर: त्याच पद्धतीने नाही, जो पडला तो पडला. पद्धत बदला, परिस्थिती बदला, मग बघू. कॉल ऑफ क्थुलू या गेमच्या सातव्या आवृत्तीत याची छान सोय आहे, फसलेला रोल तुम्ही पुश करू शकता, पण वेगळं काय करताय ते सांगायचं आणि पुन्हा फसला तर जास्त वाईट होणार हे मान्य करायचं. "येसाजीने खांदा लावला तर?" "लाव, पण फसला तर दार चौकटीसकट आत पडेल आणि अर्धी पेठ जागी होईल." लढाईत हे चालत नाही, पण कुलूप, शोधाशोध, समजावणं, सगळीकडे चालतं.

एक पडला म्हणून कॅरेक्टरला जोकर करू नका

नवीन जीएमला एक पडला की चेव येतो. तलवार हातातून निसटली, स्वतःच्याच पायावर पडली, धोतर सुटलं, सगळे खो खो. पहिल्यांदा मजा येते, तिसऱ्यांदा ज्याचं कॅरेक्टर आहे त्याचा चेहरा बघा. पाचव्या आवृत्तीत हल्ल्याच्या रोलला एक म्हणजे वार हुकला, बस, आणि कौशल्याच्या रोलला एक म्हणजे फक्त कमी आकडा, बाकी काही नाही. वर गणितही बघा: लढवय्या पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन वार करतो आणि विसाव्याला चार, म्हणजे एका पाळीत निदान एकदा १ पडायची शक्यता नवशिक्याला ५ टक्के, पाचव्या लेव्हलला जवळपास १०, आणि आयुष्यभर तलवार चालवलेल्या त्या उस्तादाला साडेअठरा टक्के. जितका मोठा योद्धा तितकी जास्त तलवार पडणार, हा कुठला न्याय!

फसण्याचं कारण शक्यतो बाहेरचं शोधा. सगुणा घसरली असं म्हणण्यापेक्षा दगड झिजलेला होता, शेवाळं होतं, पहारेकऱ्याचं कुत्रं नेमकं आज इकडे बांधलेलं होतं. कॅरेक्टर हुशार राहतं आणि जग अवघड होतं.

निवड प्लेअरची, ती फाशाला देऊ नका

सापशिडीत फासा सांगेल तेवढी घरं जायचं, आपण फक्त सोंगटी हलवायची, ठरवायचं काहीच नाही. आपल्या या खेळात फासा फक्त परिणाम सांगतो, काय करायचं ते माणूस ठरवतो. हा फरक पुसला जातो तो बहुतेक वेळा बारीकसारीक ठिकाणी. एखाद्याचा इनसाइटचा, म्हणजे समोरच्याचं मन ओळखायचा, रोल फसला आणि जीएम म्हणाला "तुला वाटतं हा खरं बोलतोय". अरे, मला काय वाटतं ते तू कसं ठरवणार? "चेहऱ्यावरून काही थांग लागत नाही" म्हणा, विश्वास ठेवायचा की नाही ते प्लेअर बघेल. तसंच भीतीचं. जादूने घाबरवलं असेल तर नियम आहेत, ते लावा, पण नुसत्या अंधाराला "तू घाबरून पळतोस" नको.

एका प्लेअरच्या कॅरेक्टरने दुसऱ्या प्लेअरच्या कॅरेक्टरला समजावलं तर तिथे रोलने हुकूम चालत नाही. बहुरूप्याने कितीही २० मारले तरी पहिलवान नळात आधी उतरणार की नाही ते येसाजीवालाच ठरवणार. रोल झालाच तर त्याला सांगा की बोलणं फार पटण्यासारखं होतं, आता तुझं तू बघ.

खोटी निवड पण टाळा. उच्छ्वास दोन दाखवलेत, डावा आणि उजवा, आणि कुठल्याही गेलं तरी तोच पहारेकरी भेटणार असेल तर विचारलंत कशाला? एकतर एकच ठेवा, नाहीतर फरक ठेवा आणि त्याचा वास आधी लागू द्या: डावीकडून माणसांचा आवाज येतोय, उजवीकडे पाणी गळ्यापर्यंत आहे.

फासे लपवून बदलायचे का यावर भांडणं होतात. माझं मत, टाकायचे तर सगळ्यांसमोर टाका. आकडा बदलावासा वाटतोय याचा अर्थ तो रोल मागायलाच नको होता, किंवा फसल्याची किंमत फार मोठी ठेवली होती. ते पुढच्या वेळी सुधारा. कोणाचं कॅरेक्टर मरू शकतं का, हे मात्र पहिल्या बैठकीतच विचारून घ्या, काहींना ते चालतं, काहींना अजिबात नाही, आणि हे भर लढाईत कळण्यात काही अर्थ नाही.

प्लेअर लोकांनाही एक सवय लावा. "मी परसेप्शन रोल करू का?" असं विचारलं की "काय शोधतेस, कुठे बघतेस?" असं परत विचारा. "हौदाच्या काठावर ओल्या पावलांचे ठसे आहेत का बघते" म्हटलं की अर्ध्या वेळा रोल लागतच नाही, तुम्ही उत्तर देऊन मोकळे. सुरुवातीला चिडतात, दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपासून स्वतःच असं बोलायला लागतात.

तयारीत अजून एक करा. प्रत्येक प्रसंगासाठी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून ठेवा: इथे काय तुटू शकतं, इथे कोण येऊ शकतं, इथे कशाला उशीर झाला तर वाईट. वाड्याच्या हौदासाठी माझ्या चिठ्ठीवर असतील दोर, धुणं करणारी बाई जी पहाटे लवकर येते, आणि चढणारं पाणी. रोल फसला की चिठ्ठीवरून एक उचलायचं. आणि तरीही कधी डोकं बंद पडलं, सगळे तुमच्याकडे बघतायत आणि काही सुचत नाहीये, तर ज्याचा रोल फसला त्यालाच विचारा, "तूच सांग, काय चुकलं असेल?" प्लेअर स्वतःच्या कॅरेक्टरशी जीएमपेक्षा जास्त क्रूर वागतात. तेही नाही जमलं तर चहा टाका, पाच मिनिटांचा ब्रेक घ्या, आणि परत आल्यावर पहिलं वाक्य पहारेकऱ्याच्या तोंडी द्या: "कोण आहे तिकडं?"